ओटीच्या नारळातलं पाणी

सातव्या महिन्यात लेकीची ओटी भरायला आईबापांनी जावं आणि जाताना एक नारळ न्यावा, यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही, असं हैबतरावांचं प्रामाणिक मत होतं. रोह्याच्या आतल्या अंगाला भात आणि वाल पिकवणाऱ्या माणसाची मतं अशीच असतात. जमिनीवर ती चालून जातात. विमानात चढायची वेळ आली की त्यांची तपासणी होते.

लेक प्रणिता मस्कतला होती. जावई आदर्श तिथं एका कंपनीत कामाला. लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. तिसऱ्या खेपेला तिची आई मालूबाई गावदेवीपुढं उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "सातवा लागू दे. तुझ्यापुढं ठेवलेल्या नारळानंच पोरीची ओटी भरीन." देवीनं आपला वाटा उचलला. सातवा लागला. मालूबाईनं घरच्या माडाचा नारळ रात्रभर देवीपुढं ठेवला, सकाळी हळदकुंकू लावून पदरात घेतला आणि तिथपासून तो खाली टेकवला नाही. असा नारळ ओटीत पडेस्तोवर फुटता कामा नये, भुईला लागता कामा नये, आणि कुणाच्या पायाखालून जाता कामा नये. आमच्याकडं हे कुणी कुणाला शिकवत नाही. बायांना ते ठाऊक असतं आणि पुरुषांना ते ऐकावं लागतं.

विमानतळावर काय काय चालत नाही, याची चौकशी हैबतरावांनी आधीच केली होती. धाटावला शिफ्टला जाणाऱ्या पुतण्यानं त्यांना सांगितलं, "काका, आमच्या कंपनीच्या गेटावर माचीस, तंबाखू, समदं काढून घेतात. इमानाचं तेच असनार." तेव्हा हैबतरावांनी तंबाखूची पिशवी आणि चुन्याची डबी घरी देव्हाऱ्याखाली ठेवली. या त्यागानंतर आपल्याला कुणी अडवेल, असं त्यांना वाटलं नाही. वडखळच्या नाक्यावर जीप अडकली तेव्हा त्यांचा हात दोनदा खिशाकडं गेला आणि रिकामा परत आला. पेणला पोह्याचे पापड घेतले. कडवे वाल, तांदूळ, पापड, मेतकूट हे सगळं मोठ्या बॅगेत बसलं.

पनवेलजवळच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बॅग घेतली आणि नारळाकडं बोट दाखवून म्हणाली, "हाही आत टाका की."

"आत कुठं?"

"विमानाच्या पोटात. सामान खाली जातं."

"मंजी मानसांच्या पायाखाली?" मालूबाई म्हणाली. "नाय गो बाय. ह्यो माझ्या हातातनं तिच्या ओटीत जानार."

मुलगी हसली. बॅग गेली. पुढच्या खिडकीत पासपोर्टवर शिक्के बसले आणि हैबतराव नि मालूबाई कागदोपत्री भारताबाहेर पडले. प्रत्यक्षात ते अजून पनवेलच्या अलीकडंच होते. पण कागद पुढं गेला की माणसानं मागं रेंगाळायचं नसतं.

मग आली सुरक्षा तपासणी. मालूबाईनं ट्रेमध्ये आधी खण अंथरला, त्यावर नारळ ठेवला, आणि ट्रे मशीनच्या तोंडात गेला तेव्हा हात जोडले. पलीकडं पडद्यासमोर नूतन नावाची पेणची मुलगी बसली होती. तिनं पट्टा थांबवला, मागं घेतला, पुन्हा पुढं नेला.

"मावशी, ह्याच्यात पाणी हाय."

"नारळात पानी नाय तर काय दूध असंल?"

"किती हाय?"

"आता ग बया! त्ये कसं सांगू? मी भरलंय व्हय?"

नूतनच्या तोंडावर हसू येत होतं. पण तिचं ट्रेनिंग झालेलं होतं. तिनं आवाज बदलला. "द्रव पदार्थ शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त नेता येत नाही. तो झाकणाच्या बाटलीत आणि पारदर्शक पिशवीत असला पाहिजे. हा नारळ पारदर्शक नाही."

साहेबांना बोलावणं गेलं. साहेब आले. त्यांनी नारळ उचलला नाही, त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"कंपनीचं सील कुठंय?"

"कंपनी कसली साहेब, माडावरचा हाय."

"उतरवल्याची तारीख? वापरण्याची मुदत?"

"परवा उतरवला," हैबतराव म्हणाले. "आन् मुदत सातव्या महिन्याची."

साहेबांनी मान हलवली. उत्तर नियमात बसत नव्हतं, पण वेळेवर आलं होतं. "हे पाहा, आतलं पाणी शंभर मिलिलिटरच्या आत असेल तर नारळ जाईल. मोजावं लागेल."

"मोजा की."

"मोजायचं तर फोडावा लागेल."

"फोडला तर ओटीत चालत नाय."

"मग फोडू नका."

"मंग मोजा."

"न फोडता मोजायचं यंत्र मंजूर आहे," साहेब म्हणाले. "आलेलं नाही."

"त्ये येईस्तोवर?"

"तोवर नारळात पाणी आहे असं समजून तो जप्त होतो. त्या पेटीत टाका."

पेटी मोठी होती. तिच्यात कात्र्या, नेलकटर, लायटर, लोणच्याच्या बरण्या आणि एका पोराची प्लॅस्टिकची तलवार होती. मालूबाई जागची हलली नाही. "मी नाय टाकनार. तुमी टाका."

घ्या! साहेबांनी हात पुढं केला. नारळावर हळद होती, कुंकू होतं, शेंडी राठ उभी होती. मशीनच्या कोपऱ्यावर दसऱ्याचा वाळका झेंडू अजून लटकत होता. तो साहेबांनी स्वतः बांधला होता. त्यांच्याही घरी लेकीसुना होत्या. नियम कितीही कडक असला तरी कोपायचं काम त्याच्याकडं नसतं. साहेबांनी हात मागं घेतला आणि नूतनकडं पाहिलं. नूतननं मागच्या शिपायाकडं पाहिलं. शिपाई पाणी प्यायला गेला.

"साहेब," मालूबाई म्हणाली, "दोन वक्ताला रिकामी झालीया माझी पोर. दोन वक्ताला मी हितं बसून रडले, तिच्या पाठीवरनं हात फिरवाया गावला नाय. आता तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं जाऊ? काय सांगू तिला? पानी जास्ती झालं म्हनून नारळ ठेवला?"

नूतन पडद्याकडं बघत राहिली. पडद्यावर त्या वेळी काहीही नव्हतं.

रांग खोळंबली होती. तिच्यात रोह्याच्या हायस्कुलातून निवृत्त झालेले रघुनाथ मास्तर होते. यज्ञेशकडं, म्हणजे मुलाकडं, परदेशी निघाले होते. मास्तर विज्ञान शिकवत. वर्गात कुणी प्रश्न विचारला नाही तर स्वतःच विचारायचे आणि स्वतःच उत्तर देऊन शाबासकी घ्यायचे. इतका वेळ गप्प राहणं हा त्यांच्या आयुष्यातला विक्रम होता, आणि तो आता मोडला.

"अहो साहेब, शास्त्रीयदृष्ट्या बोलू का? माणसाच्या अंगात साधारण दोन तृतीयांश पाणी असतं. हे हैबतराव घ्या. यांच्यात चाळीसेक लिटर सहज निघेल. ते मोजता का तुम्ही? यांना सील आहे? झाकण आहे? पारदर्शक पिशवीत आलेत? नाही ना? मग त्या नारळालाच प्रवासी करा म्हणजे झालं!"

मास्तर उपरोधानं बोलले होते. आयुष्यभर ते उपरोधानंच बोलले आणि कुठल्याही वर्गाला तो कळला नाही. इथंही तीच गत. यंत्रणेत उपरोधासाठी तरतूद नसते. जे म्हटलं ते नोंदलं जातं. साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी नियमावली उघडली, पानं उलटली, पुन्हा उलटली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मर्यादा सामानातल्या द्रवाला आहे. प्रवाशाच्या आतला द्रव हा प्रवाशाचा खाजगी मामला आहे. नारळ प्रवासी झाला तर मला काही विचारता येणार नाही."

"अहो, मी चेष्टा केली!" मास्तर म्हणाले.

"तुमच्या सूचनेबद्दल आभारी आहोत," साहेब म्हणाले आणि विमान कंपनीच्या माणसाला बोलावलं.

विमान कंपनीच्या माणसाला आश्चर्य वाटलं नाही. तिकीट मागणाऱ्याकडं विमान कंपनी कधीच आश्चर्यानं बघत नाही. लोक सतारीला सीट घेतात, लग्नातल्या शालूला घेतात, नारळानं काय घोडं मारलं होतं? त्यानं यंत्रात नाव टाकलं. पहिलं नाव नारळ, आडनाव हैबतरावांचं, कारण माड सातबाऱ्यावर त्यांच्याच नावे होता. लिंग या रकान्यापाशी तो अडला.

"ओटीचा हाय," मालूबाई म्हणाली. "बायांच्यात घाला."

जेवण शाकाहारी लागलं. खिडकी हवी की मधली, हेही विचारून झालं. मग यंत्रानं लाल रेघ दाखवली. विमान भरलेलं होतं. एकही जागा शिल्लक नव्हती.

"एखादी जागा रद्द झाली तरच," तो म्हणाला आणि कुणाकडंही न पाहता थांबला. न पाहता थांबायचंही ट्रेनिंग असतं.

मालूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. ती ट्रेकडं बघत होती. हैबतरावांनी मात्र तिच्याकडं पाहिलं. लेकीला बघून त्यांना दोन वर्षं होत आली होती. व्हिडिओवर ती म्हणायची, "बाबा, पोट बघा केवढं झालंय," आणि ते लाजून मोबाईल बायकोकडं द्यायचे. आता जाऊन समोर बसायचं, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, एवढ्याचसाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता.

"तू आन् नारळ, दोघी जा," ते म्हणाले.

"आन् तुमी?"

"मी थितं जाऊन काय करनार? ओटी बायाच भरतात. बापय मानूस दाराबाहेर बसतो. थितं दाराबाहेर बसलो काय आन् हितं बसलो काय."

"असं नका वो बोलू."

"अगो, चल. डोळ्याला पानी काढू नको. मोजाया लागतील."

साहेबांनी घाईघाईनं दुसरीकडं पाहिलं. हैबतरावांची जागा रद्द झाली आणि त्याच क्षणी ती नारळाला मिळाली. खिडकीची.

पुढचं सगळं सुरळीत पार पडलं. नारळाला धातूच्या चौकटीतून नेण्यात आलं. ती वाजली नाही. हैबतराव गेले होते तेव्हा करगोट्यातल्या चांदीच्या मण्यामुळं ती तीनदा वाजली होती. नारळानं कोणताही संशयास्पद हावभाव केला नाही, प्रश्नांना उलट उत्तरं दिली नाहीत, चपला काढायला सांगितल्यावर कुरकुर केली नाही. साहेबांनी इतका आदर्श प्रवासी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. नारळाचा पासपोर्ट नव्हता ही गोष्ट एका शिपायाच्या लक्षात आली. पण पासपोर्टची खिडकी मागं राहिली होती, आणि विमानतळावर मागं जायची पद्धत नाही. मालूबाई नारळ पदरात घेऊन निघाली. वळणापाशी तिनं मागं पाहिलं. हैबतरावांनी हात हलवला आणि मग तो हात खिशात गेला. खिशात चुन्याची डबी नव्हती.

"बरं साहेब, जातो घरी," ते म्हणाले.

"जा ना," साहेब म्हणाले. "कुठून जाणार?"

"आलो तसा."

"तसं नाही जाता येणार. तुमच्या पासपोर्टवर शिक्का आहे. तुम्ही देशाबाहेर गेलेला आहात."

"मी तुमच्यासमोर उभा हाय की."

"ते मला दिसतंय. पण परत यायचं तर परदेशातून विमानानं यावं लागतं. तुमच्याकडं परतीचा बोर्डिंग पास आहे?"

"नाय."

"मग पुढं जा, मस्कतला."

"माझी जागा नारळाला दिली ना तुमी!"

"म्हणजे तुम्ही प्रवासी नाही," साहेब म्हणाले. स्वरात दुष्टपणा नव्हता, फक्त वर्गवारी होती. त्यांनी नियमावली पुन्हा उघडली. प्रवासी नाही, कर्मचारी नाही, निरोप द्यायला आलेला पाहुणा नाही, कारण पाहुण्याला इथवर सोडतच नाहीत. एकेक शक्यता खोडली गेली. शेवटी एकच कलम उरलं: प्रवाशाने तपासणीच्या जागी मागे सोडलेली वस्तू.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. वस्तू म्हटलं की वस्तूचे नियम आले. ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली की तपासणीच्या जागी एक बेवारस वस्तू आढळली आहे, रंग सावळा, टोपी पांढरी, कृपया हात लावू नये. रांग दोन पावलं मागं सरकली. हैबतरावांना काट्यावर उभं करण्यात आलं. हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा असते. हैबतराव तिच्या कितीतरी पुढं होते. मग आतल्या द्रवाचा प्रश्न आला.

"चाळीस लिटर," शिपाई म्हणाला. "मास्तरांनी मघाशी सगळ्यांसमोर सांगितलंय."

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांच्या विमानाची वेळ झाली होती. हात दाखवून अवलक्षण झालं हे त्यांना कळत होतं, पण शास्त्राशी प्रतारणा करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "आकडा बरोबर आहे," ते खाली बघत म्हणाले. "थोडं इकडंतिकडं." आणि बॅग उचलून ते यज्ञेशकडं निघून गेले.

शंभर मिलिलिटरच्या जागी चाळीस लिटर. हैबतरावांना पेटीशेजारी बसवण्यात आलं. पेटीत मावत असते तर आतच बसवलं असतं. तसा विचार झाला होता. त्यांच्या मनगटाला चिठ्ठी बांधण्यात आली. ते लायटर, नेलकटर आणि लोणच्याच्या बरण्यांशेजारी गुडघे जवळ घेऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून आणखी आवरून बसले. आमच्याकडच्या माणसाला कुठंही बसवा, तो आधी दुसऱ्याला वाट करून देतो.

"काका, पाणी देऊ?" नूतननं हळूच विचारलं.

"नको गो. वाढंल."

नूतननं तोंड फिरवलं. दुपार टळली. तिच्या मोबाईलवर मालूबाईनं फोटो पाठवला. निघताना नंबर मागून घेतला होता. प्रणिता पाटावर बसली होती. पदर पुढं पसरलेला, पदरात तांदूळ, खण आणि तो नारळ, अख्खा, कुंकवासकट. तिचं पोट दिसत होतं आणि डोळे सुजलेले दिसत होते. खाली प्रणितानं लिहिलं होतं, "बाबा कुठायत? आई नुसतं मागनं येतात म्हणते."

हैबतरावांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. फोटो मोठा कसा करायचा ते नूतननं दाखवलं. ते नारळ बघेनात. ते लेकीचं तोंड बघत राहिले.

"भरली," ते म्हणाले. "भरली गो ओटी! आता काय बी होनार नाय तिला." आणि चिठ्ठी बांधलेल्या हातानं डोळे पुसले. "मला कवा सोडतील?"

नूतन साहेबांकडं गेली. ती काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही, पण साहेबांनी नियमावली तिसऱ्यांदा उघडली, आणि खरंच एक वाट निघाली. मागं राहिलेल्या वस्तूवर रांगेतल्या कुणाही एका प्रवाशानं हक्क सांगितला, नुसता हात वर करून "हे माझ्याबरोबर आहेत" एवढं म्हटलं, की वस्तू सुटते. सही नको, ओळखपत्र नको. एक हात पुरे.

नूतन स्टुलावर चढली. ट्रेनिंगचा आवाज बाजूला ठेवून, पेणच्या बाजारात हाक मारावी तशी ती ओरडली, "ओ! ह्या काकांना कोण आपलं म्हणतंय का? नुसता हात वर करा!"

बेवारस वस्तूपायी खोळंबलेल्या त्या रांगेत तुम्ही पहिल्यापासून होतात. मान वळवू नका, होतात. सगळं तुमच्यादेखत झालं. नारळ चौकटीतून गेला तेव्हा तुम्ही व्हिडिओ काढलात, घरी पाठवलात, "काय हा देश" असं शेजाऱ्याला म्हणालात. नूतननं हाक दिली तेव्हा तुमच्या अगदी मनात आलं होतं. तुम्ही काही वाईट माणूस नाही. पण बेल्ट काढून ट्रेमध्ये ठेवलेला असल्यामुळं एका हातानं पँट धरलेली होती, आणि दुसऱ्या हातात ट्रे होता. यातलं काय सोडायचं याचा तुम्ही विचार करत होतात, तेवढ्यात रांग पुढं सरकली आणि तुम्हीही सरकलात.